हँडल डावीकडे, गाडी सरळ: किरकोळ पडल्यानंतरचे २३ दिवस

माझी गाडी २०१४ ची बाइक आहे, दीडशे सीसीच्या आतली, घर ते नाशिकची अंबड एमआयडीसी आणि परत एवढंच तिचं आयुष्य. ११ जुलैला शुक्रवारी सकाळी पावणेसातला पाथर्डी फाट्याच्या अलीकडे पडलो. रस्ता खोदून बुजवलेला होता, वरून खडी टाकलेली, रात्रभर पाऊस, आणि मी फर्स्ट शिफ्टला उशीर झालेला माणूस. स्पीड पंचवीस-तीसच असेल पण पुढचं चाक त्या मऊ पट्ट्यात गेलं, हँडल हातातून फिरलं, चाक डिव्हायडरच्या कडेला धडकलं आणि गाडी डाव्या अंगावर झोपली. मला गुडघ्याला खरचटलं, पँट फाटली, बाकी काही नाही. भाजीचा टेम्पोवाला थांबला, त्याने आणि मी गाडी उचलली. डावा इंडिकेटर लोंबत होता, क्लचचं लिव्हर वाकलं होतं. किक मारली, चालू झाली, निघालो.

शंभर मीटरवर कळलं की काहीतरी गडबड आहे. गाडी नाकासमोर सरळ चालली होती पण हँडल डावीकडे वळलेलं. डावी मूठ माझ्याकडे, उजवी लांब. म्हणजे गाडी सरळ आणि मी तिरका. कंपनीत पोहोचेपर्यंत उजवा खांदा भरून आला.

हे सगळं लिहितोय कारण पुढच्या तीन आठवड्यांत मला तीन माणसांनी तीन वेगळी निदानं सांगितली, तिन्ही ठामपणे, आणि पहिल्या दोघांनी गाडीला पट्टीसुद्धा लावली नव्हती.

रविवारी १३ तारखेला पार्किंगमध्ये व्हिडिओ बघून स्वतःच प्रयोग केला. पुढचं चाक दोन गुडघ्यांत घट्ट धरायचं आणि हँडल उलट्या बाजूला झटका देऊन फिरवायचं. तीन-चार झटक्यांत सरळ दिसायला लागलं, मी खूश, वर जाऊन बायकोला सांगितलं की पैसे वाचवले. सोमवारी संध्याकाळी घरी येताना गरवारे पॉइंटजवळ एक खड्डा आणि त्याच्यापुढे जोरात ब्रेक, हँडल परत डावीकडे. बायको म्हणाली, "वाचलेले पैसे दे मग आता." तर पहिली गोष्ट, बोल्ट सैल न करता नुसतं पिळलं तर ते टिकत नाही, नुसतं टिकल्यासारखं वाटतं.

मंगळवारी १५ ला घराजवळच्या गॅरेजला नेली. त्याने गाडीवर बसून डोळा बारीक केला आणि म्हणाला हँडल बेंड आहे, बदलून टाका. हँडल ६००, मजुरी १५०. मी ऑफिसातून दमून आलेलो, पाऊस पडतोय, म्हटलं टाक. अर्ध्या तासात नवीन हँडल लागलं. गाडी बाहेर काढली, वीस फूट चालवली, आणि नवं कोरं हँडल जुन्याइतकंच डावीकडे. त्याला दाखवलं तर म्हणे, "सेट होईल दोन दिवसांत." हँडल काय चप्पल आहे का पायाला सेट व्हायला.

नंतर घरी येऊन जुनं हँडल फरशीवर ठेवून बघितलं तर जेमतेम दोन-तीन मिलिमीटर उचललेलं होतं. हे आधी करायला हवं होतं. हँडल खरंच वाकलंय का ते गाडीवरच कळतं, टेप घ्यायची आणि दोन्ही मुठींच्या टोकापासून त्या त्या बाजूच्या शॉकअपच्या वरच्या बोल्टपर्यंत अंतर मोजायचं. दोन्हीकडे सारखं आलं तर हँडल निर्दोष, भानगड खाली आहे. फुकटची तपासणी, दोन मिनिटांची. माझे ७५० गेले.

मग म्हटलं सरळ ऑथराइज्ड सर्व्हिस सेंटरला जाऊ, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. शुक्रवारी १८ ला हाफ डे टाकला. तिथला प्रकार असा की आधी टोकन, मग जॉबकार्ड, मग मोबाइलवर ओटीपी, तो सांगितल्याशिवाय गाडी आत जात नाही. आरसीचा फोटो, किलोमीटर, पेट्रोल किती आहे, कुठे कुठे स्क्रॅच आहेत हे सगळं लिहून घेतलं, ते चांगलंच आहे. दोन तास काचेच्या पलीकडे बसलो. मग सल्लागार मुलगा एस्टिमेटचा कागद घेऊन आला, "सर, फ्रंट फोर्क असेंब्ली दोन्ही, प्लस टी, प्लस कोनसेट, आणि चेसिस पण चेक करावी लागेल." फोर्क म्हणजे पुढचे शॉकअप, टी म्हणजे त्यांचे दोन्ही पाईप धरून ठेवणाऱ्या वरच्या-खालच्या पकडी, कोनसेट म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. एकूण ९,८४० रुपये, चेसिस वेगळी. पार्ट मागवावे लागतील, आठ-दहा दिवस. मी विचारलं की पाईप वाकलेत हे मोजलं का, तर म्हणाला, "सर अ‍ॅक्सिडेंटची केस आहे ना, आम्ही असेंब्लीच रेकमेंड करतो." मुलगा नम्र होता, त्याचा दोष नसावा, त्याला जे शिकवलंय ते तो बोलत होता. इन्स्पेक्शन चार्ज २०० अधिक १८ टक्के जीएसटी, २३६ रुपये भरून गाडी बाहेर काढली. एस्टिमेटचा कागद मात्र मागून घ्या, पार्टांची नावं आणि भाव पुढे घासाघीस करायला उपयोगी पडतात.

त्याच रात्री इन्शुरन्सची पॉलिसी उघडली. दरवर्षी मेव्हणा ऑनलाइन रिन्यू करून देतो आणि मी पीडीएफ न उघडता थँक्यू म्हणतो. उघडली तर नुसती थर्ड पार्टी. ७१४ चा प्रीमियम, वर जीएसटी, ८४२ रुपये ५२ पैसे, आणि त्यात माझ्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीला शून्य. क्लेमचा विषय तिथेच संपला. ज्यांची फुल पॉलिसी आहे त्यांनी एक लक्षात ठेवा, क्लेम करायचा असेल तर गाडी खोलायच्या आधी कंपनीला कळवा, कारण सर्व्हेयरला पडलेली गाडी बघायची असते, दुरुस्त झालेली नाही. आणि गाडी दहा वर्षांवरची असेल तर धातूच्या पार्टांची निम्मी किंमत घसारा म्हणून कापली जाते, त्यामुळे हातात किती येईल याचा हिशोब आधी करा.

पुढचे चार-पाच दिवस मी तशीच तिरकी चालवली, हे चूक होतं, करू नका. २३ ला बुधवारी लंच टाइमला पार्किंगमध्ये आमच्या टूलरूमचे काका दिसले. काका दोन वर्षांत रिटायर होतील, आयुष्य मायक्रोमीटर हातात धरून गेलेलं. त्यांना एस्टिमेटचा कागद दाखवला. त्यांनी चष्मा वर करून वाचला आणि विचारलं, "मोजलं कोणी?" म्हटलं कोणीच नाही. "मग हा आकडा कुठून आणला भो त्यांनी?"

दुसऱ्या दिवशी काका एका फ्रेमवाल्याकडून काचेचा तुकडा घेऊन आले. साधारण नऊ इंच लांब, तीन इंच रुंद, कडा घासलेल्या. मला वाटलं काहीतरी मशीन आणतील. काका पुढच्या चाकासमोर उकिडवे बसले, शॉकअपचे जे चकचकीत पाईप खालच्या टी आणि ऑइल सीलच्या (आतलं तेल अडवणारी रबरी रिंग) मधे उघडे दिसतात ते फडक्याने पुसले आणि काच दोन्ही पाईपांवर समोरून आडवी टेकवली. मग एका बोटाने काचेच्या एका कोपऱ्यावर दाबलं. टक. दुसऱ्या कोपऱ्यावर दाबलं. टक. काच डुगडुगत होती, चार पायांच्या टेबलाचा एक पाय तोकडा असल्यावर होतं तशी.

त्यामागचं गणित साधं आहे. दोन्ही पाईप एकमेकांना समांतर असतील तर सपाट काच दोघांवर नीट बसणार, हलणार नाही. डुगडुगली म्हणजे एक पाईप वरून पुढे आणि खालून मागे, दुसरा उलटा, कात्रीसारखे. चाकाला एका बाजूने दणका बसला की दोन्ही पाईप टीच्या पकडीत किंचित सरकतात आणि पिळले जातात. चाक खालच्या टोकाला बांधलेलं, हँडल वरच्या टीला, म्हणून चाक सरळ धरलं की हँडल तिरकं. बहुतेक वेळा यात काही तुटलेलं नसतं, फक्त सरकलेलं असतं. माझ्या केसमध्ये थोडं जास्त होतं, पण ते नंतर.

त्याच संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर पार्किंगमध्येच काकांनी पाने मागवले. गाडी मेन स्टँडवर, पण पुढचं चाक जमिनीला टेकलेलं, हे महत्त्वाचं, कारण टीचे बोल्ट सैल केल्यावर चाक अधांतरी असेल तर पाईप खाली घसरतात. एक्सलचा, म्हणजे चाकाच्या दांड्याचा नट सैल, खालच्या टीचे दोन बोल्ट सैल, वरचे दोन बोल्ट सैल. सैल म्हणजे काढायचे नाहीत, दीड-दोन आटे फक्त. मग मी चाक गुडघ्यात धरलं, काकांनी हँडल फिरवलं. आलं, आणि सोडल्यावर परत गेलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा काका वाकले, मडगार्डखाली बोट घातलं आणि हसले.

मडगार्डच्या आत एक लोखंडी पत्रा असतो, कमानीसारखा, जो दोन्ही शॉकअपना चार बोल्टांनी धरून ठेवतो. प्लॅस्टिकचं मडगार्ड दिसतं म्हणून कोणाचं लक्ष जात नाही. मी बघितलेल्या व्हिडिओतही त्याचं नाव नव्हतं. हा पत्रा पडताना वाकडा झालेला होता आणि तोच शॉकअपना वाकड्या जागी खेचून धरत होता. चारही बोल्ट सैल केले, आणि शेवटचा सुटताना कट्ट असा आवाज आला आणि काहीही न करता हँडल स्वतःहून बोटभर उजवीकडे आलं. मी गाडीला हातही लावला नव्हता. गेले तेरा दिवस मी ज्याच्याशी भांडत होतो ती गोष्ट दहाच्या पान्याने सुटणाऱ्या त्या चार बोल्टांमध्ये होती.

काच परत लावली. डुगडुग नव्वद टक्के गेली, पण गेली नाही. काकांनी डाव्या पाईपवर नख फिरवलं, सीलच्या कडेला तेलाची बारीक ओल होती. म्हणाले, "हा पाईप काढून बघावा लागेल. आता ही चालवू नको." हळू हळू घरी आणली आणि दुसऱ्या दिवसापासून सिटीलिंकची बस. पुढचे काही दिवस घरून चाळीस मिनिटं आधी निघत होतो. ऑइल सील गळत असेल तर दुर्लक्ष करू नका, ते तेल ओघळून डिस्कवर गेलं तर ब्रेक नीट लागत नाही.

काकांच्या ओळखीचा मेस्त्री सातपूरला, पपया नर्सरीच्या पुढे एका गल्लीत, पत्र्याचं शेड, बाहेर बोर्ड नाही. रविवारी २७ ला सकाळी आठला गेलो. त्याने काही बोलायच्या आधी पुढचं चाक उचलून हँडल एका बोटाने डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवलं. मधोमध कुठे अडकल्यासारखं होतं का ते बघत होता, तसं होत असेल तर कोनसेट गेलेला असतो. मग शॉकअप खालून धरून पुढे-मागे हलवले, खडखड नाही. म्हणाला, "कोनसेट चांगलाय दादा, त्याला हात लावत नाही." मला तिथेच बरं वाटलं, जो माणूस काय बदलायचं नाही हे आधी सांगतो.

चाक फिरवून रिमच्या कडेला स्क्रू ड्रायव्हरचं टोक धरलं आणि आऊट, म्हणजे रिम फिरताना किती हेलकावतं ते बघितलं, मिलिमीटरभर असेल. आमच्या गाड्यांना दोनपर्यंत चालतो. एक्सल काढून काचेवर लोळवला, सरळ. मग दोन्ही पाईप काढले. उजव्यातलं तेल लालसर, डाव्यातलं राखेसारखं काळं. पाईप काचेवर लोळवले तर उजवा सरसर गेला, डावा प्रत्येक फेऱ्याला लंगडत होता, पाईपखालून उजेडाची फट उघडत-मिटत होती. मेस्त्री म्हणाला प्रेसवर सरळ करून देतो, तीनशे रुपये. मी काकांना फोन लावला. काका म्हणाले, "उद्या दोन्ही पाईप घेऊन ये, आधी आकडा काढू."

सोमवारी बसमध्ये वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन पाईप मांडीवर घेऊन बसलो, कंडक्टर दोनदा बघून गेला. कंपनीच्या गेटवर मटेरियल इनवर्डची एन्ट्री करावी लागली, नाहीतर जाताना तेच पाईप बाहेर नेता आले नसते, सिक्युरिटीने "जुने पाईप २ नग, वैयक्तिक" असं लिहून घेतलं. लंचमध्ये काकांनी सरफेस प्लेटवर, म्हणजे एकदम सपाट पाटावर, दोन व्ही-ब्लॉक (खाच असलेले ठोकळे) ठेवले, त्यावर पाईप, मधोमध बारीक फरक मोजणाऱ्या डायल गेजची सुई, आणि पाईप बोटांनी फिरवला. उजव्याला काटा जेमतेम थरथरला, ०.०६. डाव्याला काटा चढला, चढला आणि ०.७० वर जाऊन परतला. काकांनी समजावलं की काटा फिरतो त्याच्या निम्मा खरा बाक, म्हणजे ०.३५ मिमी. बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.२० दिलेली असते. डोळ्यांना तो पाईप अगदी सरळ दिसत होता, आजही घरी ठेवलाय, कोणालाही दाखवा, सरळ म्हणेल.

प्रेसवर सरळ करायचा का नवा टाकायचा, यावर मेस्त्री आणि काका यांचं एकमत नव्हतं. मेस्त्रीचं म्हणणं इतकाच बाक तो रोज काढतो. काकांचं म्हणणं एकदा वाकलेला पाईप पुढच्या खड्ड्यात आधी वाकतो. मी नवा घेतला, कारण पुढचं चाक त्याच्यावर उभं असतं आणि मी रोज हायवे ओलांडतो. मुंबई नाक्याजवळच्या स्पेअरवाल्याकडे लगेच नव्हता, तीन दिवस लागले, ९५० रुपये. नवा पाईपसुद्धा काकांनी गेजवर लावूनच दिला. उजवा जुनाच ठेवला, तो ठीक होता.

शनिवारी २ ऑगस्टला जोडणी. दोन्ही सील नवीन, दोन्हीकडे तेल मोजून सारखं, कारण कमी-जास्त झालं तर दोन्ही बाजू वेगळ्या दबतात. मडगार्डचा पत्रा मेस्त्रीने ऐरणीवर ठोकून सपाट केला आणि भोकं आपोआप जुळतायत का ते बघितलं, ओढून-ताणून बोल्ट घालायचा नाही. मग क्रम असा, सगळं हाताने बसवायचं, काच लावायची, काच हलत नाही म्हटल्यावर एक्सल आवळायचा, पुढचा ब्रेक दाबून हँडल दहा-बारा वेळा जोरात खाली दाबायचं म्हणजे शॉकअप आपली जागा घेतात, मग खालच्या टीचे बोल्ट, मग वरचे, आणि मडगार्ड सगळ्यात शेवटी. काकांनी टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरानेच बोल्ट आवळणारा पाना दिला होता, मेस्त्री हसला, पण वापरला. खालच्या टीचे बोल्ट ताकदीने आवळले तर आटे जातात आणि मग पूर्ण टी बदलावी लागते.

चेसिसची शंका डोक्यात होतीच. त्यासाठी मेस्त्रीने स्लायडिंग खिडकीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या दोन लांब पट्ट्या काढल्या, विटांवर ठेवून मागच्या टायरला दोन्ही बाजूंनी चिकटवल्या आणि पुढच्या टायरपर्यंत नेल्या. मागचा टायर रुंद, पुढचा बारीक, त्यामुळे पुढे दोन्हीकडे फट राहणार, ती सारखी हवी. डावीकडे १०, उजवीकडे ९ मिमी. त्याच्या आधी चेन अ‍ॅडजस्टरच्या खुणा दोन्हीकडे सारख्या करून घेतल्या, नाहीतर मागचंच चाक तिरकं असायचं आणि दोष पुढच्याला. शेवटी तो पंधरा फूट लांब जाऊन गुडघ्यावर बसला, एक डोळा मिटून पुढच्या चाकाआड मागचं चाक झाकलं जातंय का ते बघितलं आणि नुसता हात वर केला.

खर्च: पाईप ९५०, सील जोडी १८०, तेल २२०, मजुरी ७००, लिव्हर ८०, इंडिकेटर १६०. म्हणजे २,२९०. त्याच्या आधीचे ७५० आणि २३६ पाण्यात, एकूण ३,२७६. बसचं तिकीट धरलेलं नाही.

३ तारखेला रविवारी टेस्ट राइड. त्र्यंबक रोडला जाणार होतो पण श्रावण, दुसऱ्या दिवशी सोमवार, गर्दी सुरू झालेली, म्हणून गंगापूर रोडने सोमेश्वरच्या पुढे धरणाच्या बाजूला गेलो. मोकळ्या पट्ट्यात मुठींवरची पकड हलकी केली, हँडल हललं नाही. दोन्ही कोपर सारखे वाकलेले होते. गंमत म्हणजे मलाच गाडी उजवीकडे वाटत होती, तीन आठवडे तिरकं बसायची सवय लागलेली.

मेस्त्रीने आठवड्याने बोल्ट परत तपासायला बोलावलं होतं, १० ला गेलो. सगळे पाना लावून बघितले, एकही हलला नव्हता, पैसे घेतले नाहीत. काकांची काच त्याच्याकडे राहिली होती ती मागितली. शेडमध्ये एक पोरगं एका स्कूटीसमोर उकिडवं बसून तीच काच पुसत होतं. मेस्त्री म्हणाला, "काकांना सांगा दुसरी कापून घ्या, ही आता राहू द्या."